संवादाची सोय आधी हवी

(‘दंगलकाळातील पोलीस नेतृत्व आणि नागरी जीवन’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



दंगलीच्या वेळचे पोलीस नेतृत्व आणि लहान मुलांच्या क्रीडांगणातील संवादफलक या दोन गोष्टी एकाच व्याख्यानात येणार हे कळल्यावर काही श्रोत्यांनी एकमेकांकडे पाहिले असेल. त्यात नवल नाही. एक विषय गृहखात्याचा, दुसरा महापालिकेच्या उद्यान विभागाचा. एकीकडे दगड, लाठी आणि अश्रुधूर. दुसरीकडे झोपाळा आणि घसरगुंडी. परंतु थोडे खोलात गेले की दोन्हीकडे एकच प्रश्न उभा असल्याचे दिसते. ज्याला आपले म्हणणे सांगता येत नाही, किंवा ज्याच्यापर्यंत आपला शब्द पोहोचत नाही, त्याच्याशी बोलायचे कसे? दोन्हीकडच्या अनुभवाने दिलेले उत्तरही एकच आहे. बोलण्याची सोय गरज पडण्याच्या आधी करून ठेवावी लागते. आग लागल्यावर विहीर खणायला घेणाऱ्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण सार्वजनिक जीवनात तीच चूक पुन्हा पुन्हा होते.

क्रीडांगणातील फलक

प्रारंभ क्रीडांगणापासून करू. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांतील अनेक सार्वजनिक उद्यानांत गेल्या काही वर्षांत एक साधा फलक दिसू लागला आहे. मुलाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर तो बसवलेला असतो. त्यावर चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एक चित्र व त्याखाली एक शब्द. झोका, घसरगुंडी, पाणी, आई, आणखी, थांब, माझी पाळी, दुखते आहे, घरी जायचे आहे. यात वीज नाही, यंत्र नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही, ते चित्रावर बोट ठेवते आणि समोरच्याला त्याचे म्हणणे कळते.

कोणती मुले ही? काही स्वमग्न असतात, काहींना मेंदूचा पक्षाघात असतो, काहींची वाचा इतर कारणांनी उमललेली नसते. असे एखादे सात वर्षांचे मूल झोपाळ्यावर बसले आहे अशी कल्पना करावी. मागून दुसरा मुलगा उत्साहाने जोरात झोके देतो आहे. याला भीती वाटते, पण ‘थांब’ म्हणता येत नाही. ते किंचाळते, हात झाडते, उतरल्यावर कदाचित त्या मुलाला चावते. भोवतीची मंडळी म्हणतात, ‘असल्या मुलाला इथे आणतात कशाला?’ आईवडील खाली मान घालून त्याला घरी नेतात आणि पुन्हा त्या उद्यानाकडे फिरकत नाहीत. वस्तुतः त्या मुलाला सांगायचा होता एकच शब्द. तो सांगण्याचे साधन तिथे नव्हते, म्हणून शब्दाची जागा किंकाळीने घेतली.

या फलकाच्या उपयुक्ततेला दोन अटी आहेत. त्यावरची चित्रे दोघांनाही ओळखीची हवीत. बोलू न शकणाऱ्यालाच नव्हे, तर त्याच्याबरोबर खेळणाऱ्या इतर मुलांनाही ती कळायला हवीत. म्हणूनच तो फलक सार्वजनिक जागी असतो, एकाच मुलाच्या दप्तरात नसतो. दुसरी अट अशी, की फलक आधीपासून तिथे उभा हवा. मूल घाबरल्यावर चित्रे काढायला बसून उपयोग नाही. शिवाय शांत वेळी रोज त्यावर बोट ठेवण्याची सवय झालेली असेल, तरच भीतीच्या क्षणी बोट योग्य चौकटीकडे वळते.

चित्रखुणांच्या या मार्गाच्या मुळाशी असलेल्या एका माणसाची हकीकत सांगण्यासारखी आहे. चार्ल्स ब्लिस हा १८९७ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील चेर्नोविट्झ गावी जन्मला. अनेक भाषा बोलणारे लोक त्या गावात शेजारी राहत आणि भाषेवरून एकमेकांचा द्वेष करीत. ज्यू असल्यामुळे पुढे त्याला नाझींच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांत राहावे लागले. तेथून सुटून तो शांघायला पोहोचला. वेगवेगळ्या बोली बोलणारे चिनी लोक एकच लिपी वाचतात हे त्याने तेथे पाहिले. सर्वांना कळतील अशा खुणांची एक भाषा असेल तर गैरसमज कमी होतील आणि माणसे एकमेकांच्या जिवावर उठणार नाहीत, या विचाराने त्याने चिन्हांची एक पद्धती रचली आणि १९४९ मध्ये ती प्रसिद्ध केली. जगाने तिची दखल घेतली नाही. मात्र १९७१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे, वाचा नसलेल्या दिव्यांग मुलांच्या केंद्रातील शिक्षकांनी ती चिन्हे फलकावर मांडली आणि ती मुले ‘बोलू’ लागली. समाजासमाजांतील कलह मिटवण्यासाठी काढलेले साधन मुक्या मुलांच्या कामी आले. आजच्या विषयाची दोन टोके या एका आयुष्यात एकत्र आलेली आहेत.

आपल्या देशातही या दिशेने चांगले काम झाले आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे चित्रांवरून बोलणारे साधन विकसित केले. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने ‘जेलो’ नावाचे अॅप तयार केले असून ते मराठीतही आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या करताना ब्रेल, खुणांची भाषा, सोपी भाषा आणि वाचेला पर्यायी असलेल्या पद्धती या सर्वांचा स्पष्ट उल्लेख करतो. कायद्याने दार उघडून ठेवले आहे. बहुतेक उद्यानांच्या दारापर्यंत मात्र तो कायदा अजून पोहोचलेला नाही.

कायद्याचा पहिला शब्द

आता क्रीडांगणातून रस्त्यावर येऊ. जमाव हाताळण्याविषयीचा आपला कायदा काय सांगतो? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आली आहे. बेकायदा जमावाला किंवा शांतता भंग होण्याची शक्यता असलेल्या पाच अथवा अधिक लोकांच्या जमावाला कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, किंवा तो नसल्यास उपनिरीक्षकापेक्षा कनिष्ठ नसलेला अधिकारी पांगण्याची आज्ञा करू शकतो. आज्ञा मानली गेली नाही किंवा ती न मानण्याचा जमावाचा निर्धार दिसून आला, तर बळाचा वापर. या क्रमाकडे नीट लक्ष द्यावे. कायद्याच्या मांडणीत शब्द पहिला आहे आणि लाठी त्यानंतरची.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘समोर दगड घेऊन उभा असलेल्याशी संवाद कसला? हा दुबळेपणा झाला.’ हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. दंगलखोराला जरब बसलीच पाहिजे. नाहीतर कायद्याने वागणारा माणूस उघड्यावर पडतो. परंतु महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य आठवावे: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे निर्दालन ही दोन कामे आहेत आणि दोन्ही करण्यासाठी आधी सज्जन कोण व दुर्जन कोण हे ओळखावे लागते. लाठीला हे ओळखता येत नाही. अश्रुधुराचे नळकांडे तर दंगलखोराच्या आणि दूध आणायला निघालेल्या आजोबांच्या डोळ्यांत फरक करीत नाही. ही ओळख पोलिसाला वस्तीतल्या माणसांकडूनच मिळते, आणि ज्याच्याशी वर्षभर कोणी बोलले नाही तो माणूस दंगलीच्या रात्री माहिती देत नाही. म्हणजे खलनिग्रहणाची पूर्वतयारीही संवादाशिवाय होत नाही.

भिवंडीने काय शिकवले

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्यात, भिवंडीत घडले. यंत्रमागांच्या या शहराने मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भडकलेली दंगल पाहिली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. त्यानंतर मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई पुन्हा पेटली आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. दंगल म्हटली की भिवंडी, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या त्यापूर्वीही होत्या. परंतु त्यांत नामवंत मंडळी असत, ती सणाच्या तोंडावर जमत आणि चहापान व भाषणे झाली की पांगत. ज्या गल्लीत भडका उडायचा, तेथील माणूस त्या बैठकीत नसे. खोपडे यांनी ही रचना उलटी केली. शहरात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे एका बैठकीत शेजारी बसू लागली. मुख्य म्हणजे प्रत्येक समितीशी एक पोलीस कर्मचारी जोडला गेला. आजवर ज्या शिपायाचे काम केवळ बंदोबस्ताला उभे राहण्याचे होते, तो आता एका वस्तीचा जबाबदार माणूस झाला. लोकांना त्याचा चेहरा कळला आणि त्याला लोकांचा.

या बैठकांत मोठमोठे तात्त्विक विषय निघत नसत. नळाला पाणी नाही, दोन घरांत भांडण आहे, कोणीतरी पोरांना चिथावतो आहे, अशी रोजची गाऱ्हाणी तिथे येत. याच क्षुल्लक वाटणाऱ्या बोलण्यातून विश्वासाचा व्यवहार सुरू झाला. क्रीडांगणातील मूल जसे शांत वेळी ‘पाणी’ आणि ‘झोका’ या चौकटींवर बोट ठेवायला शिकते, तसेच हे शहर पोलिसांशी बोलायला शिकले.

कसोटीची वेळ डिसेंबर १९९२ मध्ये आली. अयोध्येतील घटनेनंतर मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये दंगली उसळल्या; श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत नऊशे माणसे मेली. मुंबईपासून अवघ्या काही मैलांवरची, दंगलीसाठी बदनाम असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. तोवर खोपडे यांची बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम चालू ठेवले होते. हा तपशील महत्त्वाचा आहे. संकटाच्या रात्री शहर सावरले ते कोण्या एका अधिकाऱ्याच्या करिष्म्यामुळे नव्हे. चार वर्षे रुजवलेल्या व्यवस्थेमुळे. दंगलींचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली आहे.

परंतु सत्य अर्धेच सांगून थांबणे बरे नव्हे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून हिंसाचार झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांची निर्घृण हत्या केली. ज्या शहरात शिपाई हा वस्तीचा माणूस झाला होता, त्याच शहरात गणवेशातील दोघांना प्राण गमवावे लागले. हत्या करणाऱ्यांच्या अपराधाला कोणतीही सबब नाही. मात्र प्रशासन आणि समाज या दोघांनीही एक धडा घ्यायला हवा. संवाद हा एकदा बांधून ठेवलेला पूल नाही. उद्यानातील फलकावरची चित्रे उन्हापावसात पुसट होतात आणि पुन्हा रंगवावी लागतात. समित्यांचेही तसेच आहे.

मुंबईनेही १९९२-९३ च्या होरपळीनंतर हाच मार्ग धरला. ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने, नागरिकांना बरोबर घेऊन मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. तिच्या उपक्रमांपैकी एक क्रिकेटच्या सामन्यांचा आहे. वस्त्यांतील तरुण आणि पोलीस एका मैदानावर खेळतात. ज्या मुलाने रविवारी हवालदाराच्या चेंडूवर चौकार मारला, त्याला सोमवारी त्याच हवालदाराला दगड मारणे तितके सोपे राहत नाही.

ध्वनिक्षेपक हाती घेताना

पूर्वतयारी कितीही असली तरी कधीतरी जमाव समोर येतोच. त्या क्षणी नेतृत्वाने काय करावे? दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधार्थ सभा होती. अपेक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक लोक जमले आणि सभेचे रूपांतर दंगलीत झाले. प्रसारमाध्यमांच्या आणि पोलिसांच्या गाड्या जाळल्या गेल्या. महिला पोलिसांशी अत्यंत निंद्य वर्तन झाले. अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. दोघांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत बहुसंख्य पोलीस होते. तेव्हाचे पोलीस आयुक्त अरूप पटनायक हे स्वतः व्यासपीठावर गेले, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि त्यांनी जमावाला घरी जाण्याचे आवाहन केले. जमाव पांगला. मात्र संयमाची ही भूमिका नेभळटपणाची होती अशी तीव्र टीका झाली आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांची त्या पदावरून बदली झाली.

या घटनेविषयीचा निवाडा एका वाक्यात देता येणार नाही. त्या तासाभराचा विचार करता, समोरच रेल्वेचे गजबजलेले टर्मिनस आणि मैदानात हजारोंची गर्दी असताना सरसकट गोळीबार झाला असता तर प्रेतांचा खच पडला असता आणि ती आग शहरभर पसरली असती. त्या दृष्टीने आयुक्तांचे व्यासपीठावर जाणे हे धैर्याचे कृत्य होते. परंतु त्या तासाच्या आधीचा विचार करता, किती लोक येणार, कोण चिथावणार, हे वेळीच कळले नाही ही उणीव राहतेच. वस्त्यांशी असलेले नाते जिवंत असते, तर ही माहिती आधीच दारात आली असती. तिसरी बाजू सर्वांत दुखरी आहे. दंगलीत सेनापतीचे श्रोते दोन असतात. एक समोरचा जमाव आणि दुसरे मागे उभे असलेले आपले शिपाई. संयमाचा आदेश का दिला जात आहे, हे त्या शिपायांना कळले पाहिजे. ज्या भगिनींना अपमान सोसावा लागला, त्यांच्या पाठीशी दल उभे आहे हे त्यांना त्याच दिवशी दिसले पाहिजे. जमावाशी बोलणारा नेता आपल्याच माणसांशी बोलायचे विसरला, तर जमाव पांगतो पण दलाचे मन मोडते.

दुसरी घटना बंगळुरूची. १९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात टाउन हॉलपाशी जमाव जमला होता. शहरात जमावबंदी लागू होती. आंदोलक हटायला तयार नव्हते. पोलीस उपायुक्त चेतनसिंह राठोड यांनी ध्वनिक्षेपक घेतला, जमावाशी विश्वासाने चार शब्द बोलले आणि राष्ट्रगीत म्हणायला प्रारंभ केला. जमाव उभा राहिला, बरोबर गाऊ लागला आणि ‘जनगणमन’ संपल्यावर लोक शांतपणे निघून गेले. त्याच दिवशी, त्याच राज्यात, मंगळुरूमध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नव्हती, त्यामुळे एकाला थोर आणि दुसऱ्याला दोषी ठरवण्यासाठी ही तुलना नाही.

बंगळुरूत घडले ते समजून घेण्यासारखे आहे. त्या कायद्याबद्दल दोन्ही बाजूंची मते त्या दिवशी बदलली नाहीत. राठोड यांनी कोणताही युक्तिवाद जिंकला नाही. त्यांनी फक्त अशी एक चौकट शोधली, जिच्यावर दोघांचेही बोट सहज जाईल. लहानपणापासून शाळेच्या पटांगणात रोज म्हटलेले ते गीत दोन्हीकडच्यांच्या मनात आधीपासून उभे होते. वाद कितीही टोकाचा असला तरी ज्या राष्ट्रात अशा समान खुणा जिवंत असतात, तेथे बोलण्याला वाव राहतो. त्या खुणा जपणे हे समाजाचे काम आहे, आणि संकटाच्या वेळी त्या नेमक्या ओळखणे हे नेतृत्वाचे.

मौनाची किंमत

नेतृत्व जेव्हा बोलत नाही, किंवा पुरेसे बोलत नाही, तेव्हा काय होते? याचे अलीकडचे उदाहरण इंग्लंडमधील साउथपोर्टचे आहे. २९ जुलै २०२४ रोजी नृत्यवर्गातील लहान मुलींवर एकाने सुरीहल्ला केला आणि तीन निष्पाप बालिका प्राणांस मुकल्या. अटक झालेला आरोपी सतरा वर्षांचा असल्यामुळे कायद्याने त्याचे नाव जाहीर करता येत नव्हते. काही तासांतच समाजमाध्यमांवर एक खोटे नाव फिरू लागले आणि आरोपी हा बोटीने आलेला आश्रयार्थी असल्याची आवई उठली. तो कार्डिफमध्ये जन्मलेला असल्याचे पोलिसांनी सांगितले, फिरणारे नाव चुकीचे असल्याचेही सांगितले. पण तेवढ्याने ती पोकळी भरली नाही. ३० जुलैच्या सायंकाळी जमावाने तेथील मशिदीकडे मोर्चा वळवला. पन्नासहून अधिक पोलीस जखमी झाले. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव जाहीर करण्यास अनुमती दिली, पण तोवर अफवा पुढे निघून गेली होती आणि पुढील दिवसांत अनेक शहरांत दंगली झाल्या. ब्रिटिश संसदेच्या गृहविषयक समितीने २०२५ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. माहितीची पोकळी राहिली आणि ती असत्याने भरली.

याच मर्सीसाइड पोलीस दलाने पुढे आपला मार्ग बदलला. २६ मे २०२५ रोजी लिव्हरपूलमध्ये फुटबॉल संघाच्या विजययात्रेच्या गर्दीत एक मोटार घुसून अनेक जण जखमी झाले, तेव्हा पकडलेला इसम कोण, कुठला, किती वयाचा आणि कोणत्या वंशाचा, हे पोलिसांनी काही तासांतच जाहीर केले. अफवेला पाय फुटण्यापूर्वी सत्य रस्त्यावर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथील पोलीस दलांना याविषयी मार्गदर्शक सूचनाही मिळाल्या.

यातून निघणारा बोध अवघड नाही. पोलिसांचे मौन लोकांना मौन वाटत नाही. काहीतरी लपवले जात आहे असे वाटते. आणि ज्याला उत्तर मिळत नाही, तो समाज त्या झोपाळ्यावरच्या मुलासारखाच वागू लागतो. फरक इतकाच, की मूल निष्पाप असते आणि त्याच्या किंकाळीने घरे जळत नाहीत.

ज्याला इशारा ऐकू येत नाही

आता आजच्या विषयाची दोन टोके प्रत्यक्ष जिथे जुळतात तिथे येऊ. बाजारपेठेत गडबड झाली आहे. पोलिसांच्या गाडीवरून घोषणा होते: ‘पाच मिनिटांत रस्ता मोकळा करा.’ लोक पळतात. एक तरुण मात्र दुकानाच्या पायरीवर तसाच उभा राहतो. शिपाई ओरडतो, तो उत्तर देत नाही. शिपायाला तो उद्धट वाटतो आणि लाठी उगारली जाते. तो कर्णबधिर आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ही गोष्ट कल्पित आहे, पण अशक्य नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख आणि वाचादोष असलेल्या सुमारे २० लाख होत्या. दंगल त्यांच्या गल्लीलाही वगळत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या कायद्याचे कलम ८ सांगते, की जोखमीच्या आणि आपत्तीच्या प्रसंगी दिव्यांग व्यक्तींना इतरांइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. परंतु हे संरक्षण कागदावरून शिपायाच्या हातापर्यंत यायचे असेल तर त्याला शिकवले पाहिजे. उत्तर न देणारा प्रत्येक जण आज्ञाभंग करणारा नसतो. काही देशांत पोलिसांच्या गाडीत चित्रांचे एक पत्रक ठेवलेले असते. ‘तुम्हाला लागले आहे का?’, ‘घरचे कोण आहे?’, ‘इथून चला’ हे त्यावर बोट ठेवून विचारता व सांगता येते. एका कागदाचा खर्च तो किती! आपल्या पोलीस ठाण्यांत, बीट चौकीत, बंदोबस्ताच्या गाडीत असे पत्रक का असू नये? ज्या मुलाने उद्यानात अशा चित्रांवरून बोलायची सवय केली, ते उद्या गर्दीत हरवले आणि हवालदाराने तसेच चित्रपत्रक पुढे धरले, तर ते आपल्या आईपर्यंत पोहोचेल.

आपले काम

या सगळ्यात सामान्य नागरिकाने आणि समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने काय करायचे? प्रशासनाकडे बोट दाखवून घरी जाणे सोपे आहे. पण करता येण्याजोग्या चार गोष्टी आहेत आणि चारही शांततेच्या काळात करायच्या आहेत.

आपल्या भागातील उद्यानात संवादफलक बसवावा अशी मागणी नगरसेवकाकडे आणि उद्यान विभागाकडे लेखी करावी. एखाद्या मंडळाला गणेशोत्सवाच्या वर्गणीतून तो स्वतःही उभारता येईल. त्यावरची चित्रे ठरवताना विशेष शाळेतील शिक्षकांना आणि त्या मुलांच्या आईवडिलांना विचारावे. शब्द मराठीत असावेत. फलक लागल्यावर इतर मुलांना तो शिकवावा, कारण वाचणारेच नसतील तर लिहून उपयोग काय?

आपल्या बीटवरचा पोलीस कोण, त्याचे नाव काय, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावे. त्याची गाठ केवळ पारपत्राच्या पडताळणीच्या वेळी पडू नये. शांतता समितीची बैठक सणापुरती उरली असेल, तर ती नियमित व्हावी असा आग्रह धरावा आणि तीत पुढाऱ्यांपेक्षा वस्तीतली माणसे जावीत. पलीकडच्या गल्लीतल्या चार माणसांचे दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे असावेत आणि आपले त्यांच्याकडे.

हातातल्या भ्रमणध्वनीवर आलेला चिथावणीचा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी ठाण्यात विचारावा. तो आपल्या बाजूचा वाटला म्हणून खरा ठरत नाही. साउथपोर्टच्या रस्त्यावर उतरलेल्यांपैकी अनेकांना आपण न्यायासाठी जात आहोत असेच वाटत होते.

आणि शेवटची गोष्ट पोलिसांविषयीची. चोवीस तास रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायाने संयम पाळावा असे वाटत असेल, तर समाजानेही त्याच्याशी माणसासारखे बोलले पाहिजे. दंगलीनंतर त्याच्यावर टीका करायला सगळे असतात. दंगल टळली तर त्याचे आभार मानायला कोणी जात नाही, कारण न घडलेल्या दंगलीची बातमी होत नाही. १९९२ च्या त्या डिसेंबरात भिवंडीच्या गल्लीगल्लीत रात्रभर जागलेल्या समितीच्या माणसांची आणि शिपायांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? पण त्यांच्यामुळे कितीतरी घरांत सकाळी चूल पेटली, घर पेटले नाही.

उद्या कुठल्याशा उद्यानात एखादे मूक मूल फलकाशी येईल, ‘थांब’ या चित्रावर बोट ठेवील आणि मागे उभा असलेला दुसरा मुलगा झोका थांबवील. ती घटनाही कुठल्याच वर्तमानपत्रात येणार नाही. पण सांगणाऱ्याला सांगता यावे आणि ऐकणाऱ्याला थांबता यावे, हे त्या दोघांना त्या वयात जमले, तर पुढे ते ज्या शहरात राहतील तेथील पोलीस नेतृत्वाचे काम बरेच हलके झालेले असेल.